आधी वही, मग रंधा

अगं, तुझ्या नव्या कामाचे फोटो पाहिले. किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या सुरेख झाल्यात आणि त्या छोट्या चौरंगाचे पाय तर फारच नेटके. हात चांगला आहे तुझा, ते मी नव्यानं सांगायला नको. पण प्रत्येक वस्तूला तू दोऱ्यानं जे कार्ड बांधलंयस, त्यावरचं एक वाक्य मला खटकलं. ‘दोनशे वर्षं जुन्या पेशवेकालीन वाड्याचं अस्सल सागवान.’ मोठी बहीण म्हणून स्पष्टच विचारते, हे तुला सांगितलं कुणी? वखारवाल्यानं? आणि त्याला कुणी सांगितलं?

राग मानू नकोस. आपल्या या धंद्यात लाकूड विकलं जातं ते थोडं, गोष्ट विकली जाते ती जास्त. किल्ल्यांची पट्टी कुणीही नव्या लाकडाची करून देईल, आणि तुझ्यापेक्षा स्वस्तात देईल. गिऱ्हाईक तुझ्याकडे येतं ते ‘हे कुठल्या तरी घराचं लाकूड होतं’ म्हणून. उद्या भीमथडी जत्रेत किंवा आपल्या मोशीच्याच प्रदर्शन केंद्रात एखाद्या आजी चष्मा सारखा करून विचारतील, ‘कुठला वाडा गं?’ त्या वेळी तुझ्याकडे नाव, गाव आणि कागद पाहिजे. नुसतं हसून चालणार नाही.

आता मूळ मुद्दा सांगते. लाकूड कुठलं, हे नोंदवायची संधी एकदाच मिळते, घर पाडतात त्या दिवशी. ट्रकमध्ये भरलं की ते ‘जुनं लाकूड’ होतं, वखारीत पडलं की ‘सागवान’ होतं, आणि कार्डावर आलं की थेट ‘पेशवेकालीन’! मधल्या मधे घर हरवतं. नंतर कितीही पैसे खर्च केलेस तरी ते घर परत सापडत नाही.

आपल्या भागात लाकूड येतं कुठून, ते आधी नीट बघ. एक वाट म्हणजे गावठाणातली घरं. मोशी, चिखली, चऱ्होली, डुडुळगाव, दिघी ही सगळी गावं १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तेव्हापासून मातीच्या भिंती, सागाच्या तुळया आणि कडीपाटाचे माळे असलेली घरं एकेक करून उतरली आणि तिथं सोसायट्या उभ्या राहिल्या. दुसरी वाट पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांची. तिसरी चाकणच्या कारखान्यांची, म्हणजे परदेशातून यंत्रं आणि सुटे भाग ज्या खोक्यांतून, पॅलेटवरून येतात ते पाइनचं लाकूड. चौथी रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरची. या चारही वाटांचा माल एकाच वखारीत शेजारी शेजारी रचलेला असतो. रंधा मारून पॉलिश केलं की नवख्या माणसाला सगळं सारखंच दिसतं.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं आणि दुकानं मोठ्या प्रमाणावर पाडली. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा. आपल्या कामापुरतं एवढंच लक्षात ठेव की ज्याच्याकडून आज माल घेतलास तो पुढच्या वर्षी त्याच जागी भेटेलच असं नाही. ‘नंतर विचारू’ म्हणून ठेवलेलं विचारायचं राहूनच जातं. स्थळ बघताना आपण घराणं आधी विचारतो की नाही, तसंच हे. व्यवहार ठरायच्या आधी विचारायचं.

मग घर पाडतात त्या दिवशी काय करायचं? ऐक, मी क्रमानं सांगते.

पहिल्यांदा मालकाला भेट, ठेकेदाराला नाही. पाडकामाचा ठेकेदार लाकूड, दगड, दारं-खिडक्या सगळं एकरकमी उचलतो. त्याला घराबद्दल काही माहिती नसते आणि त्याची गरजही नसते. मालकाकडे मात्र कागद असतात. मोशीसारख्या गावात १९९७ च्या आधीच्या घरपट्टीच्या पावत्या आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मिळतो. पुण्याच्या पेठेत सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक मिळतं. एखाद्या घरात जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र निघतं, कधी कधी मोडीतलं. मोडी वाचता येत नाही म्हणून ते बाजूला ठेवू नकोस. पुण्यात मोडी वाचणारे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामात आहे. तुला त्या कागदाची मालकी नको, मालकाच्या परवानगीनं एक फोटो पुरे. त्यावरून घर कुणाचं, केव्हापासूनचं, एवढं कळलं तरी कार्डावरचं वाक्य पक्कं होतं.

दुसरं म्हणजे सही. आपल्याकडे एका घराला चार हिस्सेदार असतात आणि पेठेतल्या वाड्यात भाडेकरू वेगळे. एका भावानं लाकूड विकलं आणि दुसऱ्यानं तक्रार केली तर मधे तू सापडशील. म्हणून साध्या कागदावर लिहून घ्यायचं. अमुक पत्त्यावरचं घर, अमुक तारखेला पाडलं, त्यातलं इतकं लाकूड इतक्या रकमेला दिलं, आणि आम्हा सर्व हिस्सेदारांची हरकत नाही. खाली सह्या आणि फोन नंबर. बांधकाम पाडायची परवानगी महापालिकेकडून घेतली असेल तर तिचीही प्रत माग. लोक कुरकुरत नाहीत गं. उलट घराबद्दल कुणी आस्थेनं विचारतंय म्हटल्यावर चहा ठेवतात.

तिसरं, फोटो. घर उभं असताना चारही बाजूंनी, घर क्रमांकाची पाटी दिसेल असे. मग आतले. तुळई कुठल्या खणावर होती, खांब ओसरीचा की माजघराचा, चौकट पुढच्या दाराची की देवघराची. मग उतरवताना. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण आपोआप नोंदवलं जातं, ती सोय बंद ठेवू नकोस. नुसता लाकडाच्या ढिगाऱ्याचा फोटो कामाचा नाही, ढिगारा कुणाचाही असू शकतो.

चौथं, नंबर. प्रत्येक नगाच्या टोकावर, आडव्या छेदावर, तेलकट खडूनं किंवा ठोकून नंबर घाल. बाजूवर घातलास तर पहिल्याच रंध्यात जाईल. समजा मोशीच्या तिसऱ्या घराची दुसरी तुळई असेल तर ‘मो-३-तु-२’. तोच नंबर वहीत. पुढं त्या तुळईचे आठ तुकडे केलेस की ‘मो-३-तु-२’ च्या पुढे १ ते ८. शेवटी किल्ल्यांच्या पट्टीच्या मागं बारीक अक्षरात तो नंबर जळवून टाकला की गिऱ्हाइकाच्या घरातून उलट माघारी चालत त्या ओसरीपर्यंत जाता येतं. सरकारी डेपोतल्या सागवानाचं असंच असतं. ओंडक्यावर नंबर असतो, वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हा ते कुठून निघालं याबद्दल कुणाला शंका नव्हती. काल तोडलेल्या झाडाला एवढे कागद, आणि पिढ्यान् पिढ्या घर तोलून धरलेल्या तुळईला एक चिठ्ठीही नाही, हे मला पटत नाही.

आणि पाचवं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोल. ‘हे घर कुणी बांधलं? सुतार कुठला होता? मधे कधी दुरुस्ती झाली? पत्रा कधी चढला?’ परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. त्यांचं बोलणं म्हणजे पुरावा नाही, पण ती माहिती आहे, आणि ‘घरच्यांनी सांगितलेलं’ म्हणून ती तशीच लिहायची. त्यांची नावं मात्र कार्डावर छापायची नाहीत. ती वहीत राहू देत. गिऱ्हाइकाला ‘मोशी गावठाणातलं एक शेतकरी घर’ एवढं पुरतं.

आता तू म्हणशील, ताई, वखारीत आधीच पडलेल्या लाकडाचं काय? त्याचं घर तर गेलं. मग लाकूड स्वतः जेवढं सांगतं तेवढं ऐकायचं आणि त्यापुढं गप्प बसायचं.

लाकूड बरंच सांगतं, हे खरं. खिळे बघ. लोहारानं ठोकून केलेला चौकोनी, ओबडधोबड खिळा असेल तर काम जुन्या पद्धतीचं. गोल तारेचा खिळा असेल तर नंतरचं किंवा दुरुस्तीचं. करवतीच्या खुणा बघ. हातकरवतीच्या रेषा सरळ आणि जराशा वेड्यावाकड्या, गोल पात्याच्या गिरणीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या. वाकसानं तासलेल्या तुळईवर बोटं फिरवलीस तर उथळ खळगे लागतात. तुळईच्या मधेच रिकामी खाच दिसली, जिच्यात या घरात काहीच बसत नव्हतं, तर ओळख की ही तुळई आधी दुसऱ्या घरात होती. आपल्याकडे लाकूड कुणी टाकून देत नसे. पडलेल्या घराचं लाकूड नव्या घराला लागत असे. म्हणून घराचं वय हे लाकडाचं वय नव्हे, आणि लाकडाचं वय हे घराचं नव्हे. कार्डावर लिहिताना या दोन गोष्टींची सरमिसळ करू नकोस.

कधी नशीब जोरावर असेल तर चौकटीवर किंवा तुळईवर शक कोरलेला सापडतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन. शके १८३० म्हणजे १९०८, आणि नोंद पौषाच्या शेवटाची किंवा माघ-फाल्गुनातली असेल तर बहुतेक १९०९. असा नग सापडला तर त्याला करवत लावायची नाही. तो अख्खा ठेवायचा आणि आधी मालकाला दाखवायचा.

झाडाच्या वर्षवलयांवरून वय काढता येतं, हेही तू कुठंतरी वाचलं असशील. ते खरं आहे. सागाला दरवर्षीचं वलय स्पष्ट दिसतं. पाषाणला आपली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे ना, तिथल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागाच्या वलयांवरून १४८१ पासून २००३ पर्यंतची ५२३ वर्षांची मालिका तयार केली आणि त्यावरून जुन्या काळातले दुष्काळ शोधले. पण ते काम जंगलातल्या, जागा ठाऊक असलेल्या झाडांवर झालं. तुझ्या हातातल्या वीतभर फळीची वलयं मोजून ‘दोनशे वर्षं’ लिहिता येत नाही. फळीवर सत्तर वलयं दिसली तर झाड किमान सत्तर वर्षं उभं होतं, एवढंच. ते कधी तोडलं, हे त्यावरून कळत नाही.

जात ओळखायची असेल तर सोय आहे. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था नमुना तपासून लाकूड कशाचं ते सांगतात. साग, शिसव, ऐन, खैर, जांभूळ यांत गोंधळ होत असेल तर एकदा खर्च करून बघ. पण ‘बर्मा टीक’ हा शब्द जपून वापर. ब्रह्मदेशातलं सागवान मुंबईत भरपूर आलं, हा इतिहास आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ ची. याच कंपनीच्या लाकडाच्या भांडणाचं निमित्त होऊन १८८५ चं युद्ध झालं आणि ब्रह्मदेशाचा थिबा राजा रत्नागिरीला कैदेत येऊन पडला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तिथं आजही उभा आहे. पण ब्रह्मदेशातला साग आणि आपल्या आलापल्लीचा साग, झाड एकच. नुसत्या वासावरून किंवा रंगावरून कुणी ‘हे बर्माच’ म्हणून छातीठोक सांगत असेल, तर तो आपल्या मालाचा भाव वाढवतोय असं समज.

नामांकित वाड्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. त्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला आणि चुना जेजुरीचा, असं सांगतात. वाचायला किती छान वाटतं, आपल्या चिंचवडचा दगड! पण फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतले मजले जळून गेले. आता कुणी ‘शनिवारवाड्याच्या दिवाणखान्याची तुळई’ विकायला आणली तर पहिला प्रश्न हाच, की ती त्या आगीतून वाचली कशी? बुधवार पेठेतला भिडेवाडा, जिथं १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, तो डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. अशा जागेचं नाव लावून कुणी फळकूट देऊ केलं तर ते कुणाच्या परवानगीनं बाहेर आलं, याचा कागद माग. कागद नसेल तर घेऊच नकोस. फुकट दिलं तरी नको.

नाव आणि वस्तू एकत्र टिकवायची कशी, हे बघायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरोघर फिरून दिवे, दारं, खिडक्या, अडकित्ते जमवले आणि गेलेल्या मुलाच्या नावानं ते सगळं लोकांना दिलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग तिथं आणून पुन्हा उभे केलेत. कोथरूडहून आणले हे ठाऊक आहे, म्हणून तो मस्तानी महाल आहे. ती माहिती नसती तर चार खांब आणि एक छत उरलं असतं.

जगभर हे असंच आहे बघ. इंग्लंडात स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरनं लावलेलं म्हणून तुतीचं एक झाड होतं. १७५६ मध्ये ते तोडलं गेलं आणि थॉमस शार्प नावाच्या कारागिरानं त्याचं लाकूड घेऊन डब्या, पेले, पेट्या करून विकायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं तो विकतच होता. लोक म्हणायला लागले, एका झाडात एवढं लाकूड होतं तरी किती? शेवटी १७९९ मध्ये, मरणाच्या दारात, त्याला शपथेवर लिहून द्यावं लागलं की मी त्याच झाडाचं लाकूड वापरलं. आता विचार कर, त्यानं पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली असती तर? ओंडके इतके आले, डब्या इतक्या झाल्या, भुसा-ढलपी इतकी गेली, शिल्लक इतकं. म्हणून तुलाही सांगते, जमा आणि खर्च दोन्ही लिही. एका घरातून पाच घनफूट लाकूड आलं असेल तर त्यातून निघतील तेवढ्याच वस्तू त्या घराच्या नावावर विकायच्या. लाकूड संपलं की ते नावही बंद. ‘चांगलं चालतंय’ म्हणून दुसऱ्या घराचं लाकूड त्या नावाखाली ढकलायचं नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण तुला आठवत असेल. आकुर्डीच्या बजाजनं २०१६ मध्ये भंगारात गेलेल्या आयएनएस विक्रांतचं पोलाद वापरून ‘व्ही’ मोटरसायकल काढली होती. पोलाद एकदा वितळलं की त्यावर विक्रांतची काही खूण राहत नाही. तिथं सगळा भरवसा कागदाचा. लाकडावर निदान खिळ्याची भोकं तरी उरतात.

आता थोडं कायद्याचं. कंटाळा करू नकोस, हे तुझ्याच भल्याचं आहे.

सागवान हे वनोपज आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ चं ६९ वं कलम म्हणतं की लाकूड सरकारचं की खासगी असा प्रश्न उठला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं मानायचं. म्हणजे सिद्ध करायचं काम तुझं. जुन्या घराचं लाकूड टेम्पोत भरून नाशिक रोडनं आणताना कुणी अडवलं, तर मालकाचं पत्र, पाडकामाचे फोटो आणि पावती याच गोष्टी कामी येतात. मोठा माल लांबून आणायचा असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वाहतूक पास लागतो का, हे विचारून घे. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस, अर्ज दे आणि पोच घे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, अगदी इमारतीतून काढलेला भागही, त्यात पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कोरीव खांब, गणेशपट्टी, महिरप, नक्षीची चौकट असं काही हाती आलं आणि परदेशातून मागणी आली, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. आणि मजा बघ, तुझ्या कार्डावर तूच ‘दोनशे वर्षं जुनं, वाड्यातलं’ छापलंयस. विमानतळावर कुणी ते वाचलं तर प्रश्न विचारणारच! तसाही कोरीव नग कापून कोस्टर करणं हे मला पाप वाटतं. आपलं काम तुटक्या वाशांचं, फुटक्या कडीपाटाचं, कुजलेल्या टोकांच्या तुळयांचं. अख्खा कोरीव नग मालकाला परत दे, नाहीतर संग्रहालयाला विचार.

शिसव असेल तर आणखी एक. २०१७ पासून शिसवाची सगळी जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. बाहेर पाठवायचं तर लाकूड कायदेशीर मार्गानं आल्याचा दाखला लागतो, आणि हस्तकला निर्यात परिषद त्यासाठी ‘वृक्ष’ नावाचं प्रमाणपत्र देते. पुन्हा तेच, मूळ कागद तुझ्याकडे असेल तरच पुढचा मिळतो.

चाकणच्या पॅलेटबद्दल सांगायचं राहिलंच. त्या लाकडाला हलकं समजू नकोस. गंमत म्हणजे आपल्या सगळ्या मालात तेच एक असं आहे जे आपला कागद अंगावर घेऊन येतं. पॅलेटवर गव्हाच्या कणसासारख्या चिन्हाचा शिक्का असतो, त्यात देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा नंबर आणि प्रक्रियेची खूण. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंश, निदान ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं लाकूड मी ताट-पोळपाट किंवा खेळण्यांना वापरत नाही, तूही वापरू नकोस. शिक्क्याचा फोटो काढल्याशिवाय त्यावर रंधा मारायचा नाही. ‘जर्मनीहून चाकणला यंत्र घेऊन आलेलं पाइन’ हीसुद्धा गोष्टच आहे, आणि खरी आहे. ती सांगायला लाजायचं कशाला?

उगमाची नोंद ही नुसती गोष्टीसाठी नसते, जिवासाठीही असते. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरलेले असतात. ते घरातल्या वस्तूंना नकोत, कितीही रुबाबदार दिसले तरी. जुन्या दारांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती असेल कोण जाणे. असा रंग कोरडा घासू नकोस, तोंडाला चांगला मास्क लाव, भुसा ओला करून गोळा कर आणि पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नकोस. दार कुठल्या घरचं, कधी रंगवलेलं, हे वहीत असेल तर हा निर्णय सोपा होतो.

आता कार्ड कसं लिहायचं ते सांगते. तीन ओळी, तीन प्रकारच्या माहितीच्या. पहिली, कागदानं सिद्ध आहे ती. दुसरी, कुणी सांगितलेली. तिसरी, आपण लाकूड पाहून केलेला अंदाज. उदाहरणार्थ असं:

‘सागवान. मोशी गावठाणातल्या घराच्या ओसरीच्या तुळईतून. नोंद क्र. मो-३-तु-२-५. घर पाडल्याची तारीख आणि फोटो आमच्याकडे आहेत.
घरच्यांच्या सांगण्यानुसार घर चार पिढ्यांपूर्वीचं.
वाकसाच्या खुणा आणि ठोकीव खिळ्यांवरून काम हातानं केलेलं दिसतं.’

बघ, यात ‘पेशवेकालीन’ कुठंच नाही, ‘अस्सल’ नाही, ‘दोनशे वर्षं’ नाहीत. तरी वाचणाऱ्याला ते घर दिसतं. आणि उद्या कुणी ग्राहक संरक्षण कायदा दाखवून ‘खोटा दावा केला’ म्हणालं, तर प्रत्येक ओळीला तुझ्याकडे उत्तर आहे. २०१९ च्या त्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, आणि तुझं दोऱ्यानं बांधलेलं कार्डही जाहिरातच आहे बरं का.

तुला भीती वाटते ती मला कळते. शेजारच्या स्टॉलवाला ‘तीनशे वर्षं जुनं’ लिहील आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. काही जाईलही. ज्याला नुसता आकडा हवा, तो जाऊ दे. पण ज्याला खरंच आवड आहे, ते माणूस परत येतं, चार जणांना सांगतं, आणि एक दिवस म्हणतं, ‘आमचंही घर पाडायचंय, तुम्ही येऊन बघाल का?’ चांगलं लाकूड असंच मिळतं गं. ठेकेदाराच्या ट्रकमधून नाही, घरच्यांच्या हातून. आणि जिथून लाकूड घेशील, त्या घरच्यांना त्यातलीच एक वस्तू आधी करून दे, पैसे न घेता. त्यांच्या भिंतीवर ती लागली की तुझ्या वहीपेक्षा मोठी साक्ष तीच.

तेव्हा आता तीन कामं कर. आधीची कार्डं सोडून टाक. पानांना नंबर असलेली जाड बांधणीची एक वही आण आणि दुकानात आत्ता आहे तेवढ्या लाकडाची नोंद आजच घाल, जेवढं माहीत आहे तेवढीच. आणि ज्या लाकडाचं घर ठाऊक नाही, त्यावर बिनधास्त लिही, ‘जुनं सागवान, मूळ घर माहीत नाही.’ तेही विकलं जातं. मी विकते.